इंग्रजीत पॅसिव्ह व्हॉइस नेमका कधी वापरायचा? (रिपोर्ट आणि ईमेलमधली वाक्यं)

पाणकोंबडी:

व्हॉइस बदलण्याचं तंत्र मला येतं. कर्म पुढे आणायचं, टू बीचं योग्य रूप, क्रियापदाचं तिसरं रूप, शेवटी बाय. अडतं ते त्याच्या पुढे. स्वतःचं वाक्य लिहिताना दोन्हींपैकी कुठलं रूप घ्यायचं, हे ठरवायचं कशावरून?

गोळ्या बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी विभागात आहे. चाचण्यांचे आणि डेव्हिएशनचे (ठरलेल्या पद्धतीपेक्षा काही वेगळं घडलं त्याचे) रिपोर्ट, शिवाय दिवसभर ईमेल, असं लिखाण असतं. रिपोर्टमध्ये 'आय' आणि 'वुई' नको, असा दंडक आहे. वर्ड मात्र पॅसिव्ह दिसला की रेघ मारून ॲक्टिव्ह करा म्हणतं. ऐकायचं कुणाचं?

आमच्याकडे सर्रास लिहिली जाणारी पाच वाक्यं देते. यात चूक कुठे, नुसतं खटकणारं कुठे, आणि कारण काय, ते सांगाल का?

1. 'द टॅब्लेट्स वेअर वेइड बाय मी ॲट 10:30.'
2. 'इट इज इन्फॉर्म्ड दॅट द मीटिंग इज पोस्टपोन्ड.'
3. 'द डिले वॉज हॅपन्ड बिकॉज ऑफ हेवी रेन.'
4. 'द मशीन इज बीन रिपेअर्ड.'
5. 'रॉंग लेबल वॉज पेस्टेड ऑन द बॉटल अँड द सेम वॉज नोटिस्ड लेट.'

आडवाट:

वर्डची रेघ फक्त एवढंच सांगते की इथे पॅसिव्ह आहे. तो बरोबर जागी आहे की नाही, हे ती सांगत नाही. ते तुम्हीच ठरवायचं, आणि ठरवायचं ते वाक्य कशाबद्दल आहे यावरून.

मराठीत 'ऑपरेटरने लेबल लावलं' म्हणा की 'लेबल ऑपरेटरने लावलं' म्हणा, लावणारा कोण ते 'ने'वरून कळतं. त्यामुळे ज्याबद्दल बोलायचंय तो शब्द आपण सहज पुढे आणतो, क्रियापदाला हात लावावा लागत नाही. इंग्रजीत नामाला असा प्रत्यय नाही. कर्ता कोण, हे जागेवरून ठरतं. 'द लेबल' उचलून पुढे ठेवलं आणि क्रियापद तसंच राहू दिलं, तर लेबलच काहीतरी करतंय असा अर्थ होतो. म्हणून कर्माबद्दल बोलायचं असेल तर इंग्रजीला क्रियापदाचं रूप बदलावं लागतं. पॅसिव्ह आहे तो या गरजेपोटी.

हे दोन वाक्यांच्या जोडीत नीट दिसतं:

'द टँक हॅज अ सॅम्पलिंग पोर्ट ॲट द बॉटम. ऑपरेटर्स क्लीन द पोर्ट विथ 70 पर्सेंट आयसोप्रोपाइल अल्कोहोल बिफोर एव्हरी सॅम्पलिंग.'

'द टँक हॅज अ सॅम्पलिंग पोर्ट ॲट द बॉटम. द पोर्ट इज क्लीन्ड विथ 70 पर्सेंट आयसोप्रोपाइल अल्कोहोल बिफोर एव्हरी सॅम्पलिंग.'

व्याकरण दोन्हीकडे शुद्ध आहे. पण पहिलं वाक्य पोर्टची ओळख करून देऊन थांबलं, म्हणजे वाचकाचं लक्ष आता पोर्टवर आहे. पहिल्या जोडीत मध्येच 'ऑपरेटर्स' उपटतात आणि पोर्ट पुन्हा शोधावं लागतं. दुसऱ्या जोडीत पोर्टवरून पोर्टकडेच जातो. इथे पॅसिव्ह हवाच. पण परिच्छेद ऑपरेटरांच्या प्रशिक्षणाबद्दल असेल आणि मागचं वाक्य त्यांच्यावर संपलं असेल, तर 'दे क्लीन द पोर्ट...' हेच बरोबर. एकटं वाक्य समोर ठेवून ॲक्टिव्ह चांगलं की पॅसिव्ह, या प्रश्नाला उत्तर नसतं. आधीचं वाक्य पाहावंच लागतं.

दुसरा प्रश्न कर्त्याचा. कर्ता गाळला तर वाचक 'कोणी?' असं विचारेल का? 'द सस्पेक्ट वॉज अरेस्टेड ऑन मंडे' वाचून कोणी विचारत नाही, अटक पोलिसच करतात. 'माय वॉलेट वॉज स्टोलन' मध्ये चोर कोण ते माहीतच नसतं. अशा ठिकाणी बाय लावणं म्हणजे भरताड. शाळेच्या स्वाध्यायात प्रत्येक पॅसिव्हला बायचं शेपूट असतं, त्यामुळे ते लागतंच असा समज होतो. प्रत्यक्षातल्या इंग्रजीत बहुतेक पॅसिव्ह वाक्यांत बाय नसतो. तो ठेवायचा कर्ता हीच नवी बातमी असेल तेव्हा, किंवा कर्ता लांबलचक असेल तेव्हा: 'द चेंज वॉज अप्रूव्हड बाय द कमिटी दॅट लुक्स आफ्टर सेफ्टी इन ऑल थ्री प्लांट्स.' हे ॲक्टिव्ह केलं तर दहा शब्दांचा कर्ता ओलांडल्याशिवाय क्रियापद भेटत नाही. इंग्रजीला जड भाग शेवटी आवडतो.

आता तुमची वाक्यं.

पहिलं. 'बाय मी' काढा. वजन कोणी केलं याची नोंद लागतेच, डेटा इंटिग्रिटीच्या (नोंदी विश्वासार्ह ठेवण्याच्या) अल्कोआ तत्त्वांतलं पहिलं अक्षर त्यासाठीच आहे: ॲट्रिब्युटेबल, म्हणजे काम कोणी केलं ते कळणारी नोंद. पण ती नोंद सही आणि तारखेच्या रकान्यात असते, वाक्यात नाही. वाक्यात किती गोळ्या आणि कशा, हे हवं: 'ट्वेंटी टॅब्लेट्स वेअर वेइड इंडिव्हिज्युअली ॲट 10:30.' 'टॅब्लेट्स वेअर वेइड' एवढंच लिहिलं तर वीस गोळ्या एकदम तराजूवर ठेवल्या की एकेक, ते कळत नाही. आणि वजनातला फरक तपासायचा तर एकेकच करावी लागते.

एसओपीत, म्हणजे काम कसं करायचं याच्या लेखी कार्यपद्धतीत, मात्र हेच वाक्य पॅसिव्हमध्ये नको. तिथे सरळ आज्ञा: 'वे 20 टॅब्लेट्स इंडिव्हिज्युअली.' 'टॅब्लेट्स शुड बी वेइड' लिहिलं की करायचं कोणी, आणि सक्तीचं आहे की नुसती सूचना, अशा दोन शंका निघतात. एका पायरीत दोन माणसं असतील तर पद लिहून ॲक्टिव्ह: 'द ऑपरेटर रेकॉर्ड्स द वेट. द क्यूए ऑफिसर व्हेरिफाइज द एंट्री.' (क्यूए म्हणजे क्वालिटी ॲश्युरन्स.)

तिसरं चूक. हॅपन अकर्मक आहे, त्याला कर्म नाही, मग पुढे काय आणणार? 'द डिले हॅपन्ड बिकॉज ऑफ हेवी रेन', किंवा त्याहून बरं: 'द डिले वॉज कॉज्ड बाय हेवी रेन.' कॉज सकर्मक आहे म्हणून चालतं, आणि पाऊस हीच बातमी आहे म्हणून बायही शोभतो.

चौथंही चूक. बीइंग येतं ॲम, इज, आर, वॉज, वेअरनंतर. बीन येतं हॅज, हॅव, हॅडनंतर. दुरुस्ती चालू असेल तर 'द मशीन इज बीइंग रिपेअर्ड', झाली असेल तर 'द मशीन हॅज बीन रिपेअर्ड'. बोलताना दोन्ही जवळजवळ सारखे ऐकू येतात, घोळ तिथूनच होतो. 'इज बीन' ही जोडी इंग्रजीत नाहीच, आणि 'हॅज बीइंग रिपेअर्ड' हीही नाही. मशीन सुरू आहे की बंद हे ज्याला त्या वाक्यावरून ठरवायचंय, त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे.

पाचवं सगळ्यात महत्त्वाचं. डेव्हिएशन रिपोर्टमध्ये वाचक 'कोणी? कधी?' हे विचारणारच, रिपोर्ट त्यासाठीच लिहायचा असतो. इथे पॅसिव्ह माहिती खातो. नाव नको, पद लिहा: 'द पॅकिंग ऑपरेटर अप्लाइड द रॉंग लेबल. द शिफ्ट सुपरवायझर नोटिस्ड द एरर ॲट 14:20, आफ्टर 36 बॉटल्स हॅड बीन लेबल्ड.' शेवटच्या तुकड्यात पुन्हा पॅसिव्ह आलाय आणि तो योग्य आहे, कारण तिथे किती बाटल्या एवढंच सांगायचंय. 'द सेम' टाळा. त्याने कशाकडे बोट दाखवलंय ते वाचकाला शोधत बसावं लागतं.

दुसरं वाक्य सोडलंय. त्यावर भाषा शिकवणाऱ्या कोणीतरी लिहावं.

चाफा_पांढरा:

'इट इज इन्फॉर्म्ड दॅट' हे 'कळविण्यात येते की' याचं शब्दाला शब्द रूप आहे. इंग्रजीत इन्फॉर्मचं कर्म माणूस असतं, बातमी नव्हे. 'आय इन्फॉर्म्ड हिम' होतं, 'आय इन्फॉर्म्ड द पोस्टपोनमेंट' होत नाही. पॅसिव्हमध्ये पुढे येतं ते कर्मच, तेव्हा पुढे माणूसच येणार: 'यू आर इन्फॉर्म्ड दॅट...', 'ऑल मेंबर्स वेअर इन्फॉर्म्ड दॅट...'. टेल, रिमाइंड, ॲश्युअर यांचंही तसंच. उलट अनाउन्स, डिसाइड, रिपोर्ट, से यांचं कर्म म्हणजे ती बाब, म्हणून 'इट हॅज बीन डिसाइडेड दॅट' बरोबर. रोजच्या ईमेलमध्ये मात्र यातलं काहीच नको: 'द मीटिंग हॅज बीन पोस्टपोन्ड टू फ्रायडे.' कोणी पुढे ढकलली याच्याशी वाचणाऱ्याला घेणं नाही, त्याला वार हवा असतो. आणि 'इज पोस्टपोन्ड'पेक्षा 'हॅज बीन' बरं, कारण निर्णय होऊन गेलाय.

याची उलट बाजूही ऑफिसांत फार दिसते. 'आय वॉज सजेस्टेड टू यूज अ न्यू फिल्टर' आणि 'आय वॉज एक्सप्लेन्ड द प्रोसेस' ही दोन्ही चूक, कारण 'सजेस्ट हिम' आणि 'एक्सप्लेन हिम' हेच होत नाही. सजेस्टच्या जागी ॲडव्हाइज घ्या: 'आय वॉज ॲडव्हाइज्ड टू यूज...'. दुसरं: 'द प्रोसेस वॉज एक्सप्लेन्ड टू मी.' शंका आली की आधी ॲक्टिव्ह वाक्य मनात म्हणा. क्रियापदाला लगेच चिकटून जो शब्द येतो तोच पुढे आणता येतो.

आडवाट यांनी वाक्याची पहिली जागा सांगितली, ते पटतंच. पण मराठी माध्यमातून आलेल्यांचा गोंधळ त्याच्याही आधी सुरू होतो. कर्तरी म्हणजे ॲक्टिव्ह आणि कर्मणी म्हणजे पॅसिव्ह, असं समीकरण शाळेत डोक्यात बसतं. 'रामाने आंबा खाल्ला' हा कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद आंब्यामागे जातं: आंबा खाल्ला, कैरी खाल्ली, फळं खाल्ली. पण वाक्य आहे रामाबद्दल. त्याचं इंग्रजी 'राम एट अ मँगो', अगदी साधं ॲक्टिव्ह. मराठीत भूतकाळात सकर्मक क्रियापद आलं की बहुतेक वेळा अशीच रचना होते. तिला पॅसिव्ह धरलं तर अख्खा रिपोर्ट 'बाय द ऑपरेटर', 'बाय द सुपरवायझर'ने भरून जातो. पॅसिव्हच्या जवळ जाणारं मराठी रूप म्हणजे 'रामाकडून आंबा खाल्ला गेला', ज्याला व्याकरणाच्या पुस्तकांत नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात. आणि ते बोलताना आपण क्वचितच वापरतो.

मग मराठीत विचार करताना पॅसिव्हची जागा ओळखायची कशी? 'गेला, गेली' शोधू नका. कर्ता गाळलेली वाक्यं शोधा.

'तिथे नवा पूल बांधतायत.' कोण बांधतंय ते सांगितलेलं नाही, गरजही नाही. इंग्रजीला कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही, म्हणून: 'अ न्यू ब्रिज इज बीइंग बिल्ट देअर.'
'मला सांगितलं की सुट्टी आहे.' 'आय वॉज टोल्ड दॅट इट वॉज अ हॉलिडे.'
'त्याला कामावरून काढलं.' 'ही वॉज डिसमिस्ड.'
'पेपर तपासून झाले.' 'द पेपर्स हॅव बीन चेक्ड.'
'त्याला तासभर थांबायला लावलं.' 'ही वॉज मेड टू वेट फॉर ॲन अवर.' इथे टू विसरू नका. ॲक्टिव्हमध्ये 'दे मेड हिम वेट' असं टूशिवाय असतं, पॅसिव्हमध्ये तो परत येतो. लेटचा पॅसिव्ह या अर्थाने करतच नाहीत, तिथे 'वॉज अलाउड टू'.

ही वाक्यं मराठीत कुठल्याच कोनातून पॅसिव्ह वाटत नाहीत, म्हणून विद्यार्थी 'दे आर बिल्डिंग' किंवा 'समवन टोल्ड मी' लिहितात. गप्पांत ते चालून जातं. रिपोर्टमध्ये 'दे म्हणजे कोण?' असा प्रश्न उभा राहतो.

दुसरी जागा म्हणजे आपल्या क्रियापदांच्या जोड्या: फुटणे आणि फोडणे, तुटणे आणि तोडणे, पडणे आणि पाडणे. इंग्रजीत पुष्कळदा दोन्हीकडे एकच क्रियापद असतं: ब्रेक, ओपन, स्टार्ट, स्टॉप, चेंज, ड्राय. त्यामुळे 'काच फुटली' म्हणजे 'द ग्लास ब्रोक', आणि 'काच फोडली' पण फोडणारा सांगायचा नाही, तर 'द ग्लास वॉज ब्रोकन'. मीटिंग अकराला सुरू झाली, तर 'द मीटिंग स्टार्टेड ॲट 11', 'वॉज स्टार्टेड' नव्हे. तुमच्या कामात याला खरं वजन आहे. 'द पंप स्टॉप्ड ॲट 2:15' म्हणजे पंप आपोआप बंद पडला, बिघाड शोधा. 'द पंप वॉज स्टॉप्ड ॲट 2:15' म्हणजे कोणीतरी बंद केला, कारण विचारा. 'वॉज' या एका शब्दाने चौकशीची दिशा बदलते.

आणि 'कडून'ला बाय समजू नका. 'माझ्याकडून कप फुटला' यात चुकून झालं, हेतू नव्हता, हे 'कडून' सांगतो. 'द कप वॉज ब्रोकन बाय मी' मध्ये ते कुठेच येत नाही, उलट कबुलीजबाबासारखं वाटतं. 'आय ब्रोक द कप बाय ॲक्सिडेंट', किंवा 'आय ॲक्सिडेंटली ब्रोक द कप'.

अकर्मक क्रियापदांची यादी एकदा पाठच करून टाका: हॅपन, ऑकर, अराइव्ह, अपिअर, डिसअपिअर, एक्झिस्ट, रिमेन, कन्सिस्ट, बिलॉन्ग, डाय. यांच्यामागे वॉज लावून तिसरं रूप कधीच नाही. 'झाला, झाली' दिसलं की हात आपोआप वॉजकडे जातो, म्हणून ही चूक एवढी पसरलेली आहे. 'इज कन्सिस्टेड ऑफ' चूक, 'कन्सिस्ट्स ऑफ' बरोबर, पॅसिव्हच हवा तर 'इज कम्पोज्ड ऑफ'.

पाणकोंबडी:

पंपाचं उदाहरण थेट कामाचं आहे. आमच्या लॉगमध्ये दोन्ही प्रकारे लिहिलेलं असतं आणि वाचणारा दोन्हीचा अर्थ एकच लावतो.

आणखी दोन गोष्टी. एक, ईमेलमध्ये समोरच्याची चूक दाखवायची किंवा आपली मान्य करायची तेव्हा काय करायचं? 'मिस्टेक वॉज डन' असं लिहितात, ते ऐकायला बरं वाटत नाही. दोन, विभागातले काहीजण पेपर लिहितायत. शास्त्रीय लिखाणात 'वुई' चालतच नाही, हे खरं का?

सरळरेघ:

आधी शब्द दुरुस्त करू. मिस्टेक 'डू' करत नाहीत, 'मेक' करतात. म्हणून 'अ मिस्टेक वॉज मेड'. आता हे लिहावं का? अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी इराणला शस्त्रं विकल्याच्या प्रकरणावर 27 जानेवारी 1987 च्या भाषणात गंभीर चुका झाल्या, एवढंच सांगितलं, 'सीरियस मिस्टेक्स वेअर मेड'. केल्या कोणी, ते वाक्यात नव्हतं. तेव्हापासून ही रचना जबाबदारी झटकण्याचं ठरलेलं उदाहरण मानली जाते. आपली चूक मान्य करताना पॅसिव्ह घेतला की वाचणाऱ्याला नेमकं तेच जाणवतं. तिथे ॲक्टिव्हच: 'वुई सेंट यू द रॉंग सर्टिफिकेट. द करेक्ट वन इज अटॅच्ड.' पहिलं वाक्य आपल्याबद्दल, म्हणून ॲक्टिव्ह. दुसरं सर्टिफिकेटबद्दल, म्हणून पॅसिव्ह. माफीचा ईमेल याहून लांब असायची गरज नसते.

समोरच्याची चूक दाखवताना उलट करायचं. 'यू डिड नॉट अटॅच द इनव्हॉइस' वाचणाऱ्याला टोचतं. 'द इनव्हॉइस वॉज नॉट अटॅच्ड' हेच सांगतं आणि माणसावर बोट ठेवत नाही. इथे पॅसिव्ह ही सभ्यता आहे. पण मुदत आणि काम वाटून देताना ती उपयोगाची नाही. 'द रिपोर्ट शुड बी सबमिटेड बाय फ्रायडे' असा ईमेल पाच जणांना गेला की प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणीतरी देईल. वर 'बाय फ्रायडे' मधला बाय मुदतीचा आहे, कर्त्याचा नाही, म्हणजे कर्ता वाक्यात कुठेच नाही. ज्याने द्यायचाय त्याचं नाव आधी लिहा, मग 'प्लीज सेंड द रिपोर्ट बाय फ्रायडे'.

'यू आर रिक्वेस्टेड टू' व्याकरणाने बरोबर आहे, नोटीस बोर्डावर ठीक. एकट्या माणसाला लिहिताना 'प्लीज' किंवा 'कुड यू' पुरतं. परदेशातल्या वाचकाला 'यू आर रिक्वेस्टेड' हे नम्र न वाटता हुकमासारखं वाटण्याचा संभव जास्त.

पेपरबद्दल: 'वुई' नको, ही समजूत आता मोडीत निघालेली आहे. नेचर हे विज्ञानाचं नियतकालिक आपल्या लेखकांना ॲक्टिव्ह पसंत असल्याचं सांगतं आणि उदाहरणच 'वुई परफॉर्म्ड' असं देतं. डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन आणि क्रिक यांचा 1953 चा निबंध 'वुई विश टू सजेस्ट' या शब्दांनीच सुरू होतो. तो त्यांचा दावा होता, म्हणून 'वुई'. हीच वाटणी तुमच्या सहकाऱ्यांनी ठेवावी. निर्णय, निवड, मत, अनुमान हे लेखकाचं, तिथे वुई: 'वुई चोज 40 डिग्रीज बिकॉज...'. कृती कोणीही केली तरी तीच राहते, म्हणून मेथड्समध्ये (प्रयोग कसा केला त्या भागात) पॅसिव्ह: 'द सॅम्पल्स वेअर ड्राइड ॲट 105 डिग्रीज फॉर थ्री अवर्स.' तक्त्यांकडे बोट दाखवताना वर्तमानकाळ: 'द रिझल्ट्स आर शोन इन टेबल 2.' मेथड्समध्ये भूतकाळ आणि इथे वर्तमान, कारण प्रयोग झाला, तक्ता अजून समोर आहे. जर्नलच्या सूचना मात्र आधी वाचाव्यात. काही ठिकाणी अजूनही जुनी पद्धत चालते.

'इट वॉज फाउंड दॅट द यील्ड डिक्रीज्ड' मधली पहिली चार पदं उडवा. 'द यील्ड डिक्रीज्ड' एवढंच म्हणायचंय.

पॅसिव्हबरोबर येणारी एक हमखास चूक संपादकांच्या हातून रोज जाते. 'आफ्टर हीटिंग द सोल्युशन, द प्रेसिपिटेट वॉज फिल्टर्ड.' तापवलं कोणी? वाक्याच्या रचनेप्रमाणे साक्याने, म्हणजे प्रेसिपिटेटने. पॅसिव्हमध्ये खरा कर्ता गायब असतो, त्यामुळे सुरुवातीचं 'हीटिंग' लटकत राहतं. 'द सोल्युशन वॉज हीटेड, अँड द प्रेसिपिटेट वॉज फिल्टर्ड' असं दोन्हीकडे पॅसिव्ह करा, प्रश्न मिटतो.

आणि बाय व विथ: करणारा बाय, साधन विथ. 'द सॅम्पल वॉज ट्रान्सफर्ड विथ अ पिपेट.' पण पद्धत सांगताना बाय: 'द कंटेंट वॉज डिटरमिन्ड बाय एचपीएलसी' (एचपीएलसी ही रासायनिक विश्लेषणाची पद्धत). काही क्रियापदांना दोन्ही नकोत: 'इज नोन टू', 'इज कन्टेन्ड इन'.

निळी_शाई:

मध्येच विचारते. मुलगी दहावीला आहे. हे सगळं वाचून तिने परीक्षेत बाय गाळला तर गुण जातील ना?

चाफा_पांढरा:

हो, जाऊ शकतात. व्हॉइस बदला या प्रश्नात रूपांतर येतं का तेवढंच तपासतात, म्हणून कर्ता नेमका असेल तर बायसकट लिहू द्या. समवन, पीपल, दे, नोबडी असे मोघम कर्ते असतील तर बाय गाळतात. मात्र नोबडी गेलं की नकार नॉटने ठेवावा लागतो: 'नोबडी सॉ हिम' चं 'ही वॉज नॉट सीन'. 'लेट द डोअर बी ओपन्ड' आणि 'बाय हूम वॉज द विंडो ब्रोकन?' ही रूपं उत्तरपत्रिकेपुरती. बोलताना 'ओपन द डोअर' आणि 'हू ब्रोक द विंडो?' हेच. काळ तपासायचा सोपा उपाय तिला सांगा: मूळ क्रियापदाचा जो काळ, तोच टू बीचा काळ. 'रोट' असेल तर 'वॉज रिटन', 'हॅज रिटन' असेल तर 'हॅज बीन रिटन'. दोन कर्मं असतील तर माणूस पुढे आणलेलं जास्त सहज वाटतं: 'शी वॉज गिव्हन अ प्राइझ.'

जाताजाता आणखी एक, कारण ते मोठ्यांच्याही बोलण्यात असतं. 'मी केस कापले' म्हणून 'आय कट माय हेअर' म्हटलं तर स्वतःच कात्री चालवली असा अर्थ होतो. दुसऱ्याकडून करून घेतलं, तर 'आय हॅड माय हेअर कट', 'आय गॉट माय बाइक सर्व्हिस्ड'. आपलं 'करून घेतलं' जिथे जिथे बसतं, तिथे ही रचना.

पाणकोंबडी:

एक परिच्छेद नव्याने लिहिलाय, बघाल?

'द कोटिंग पॅन स्टॉप्ड ॲट 11:40. द ऑपरेटर इन्फॉर्म्ड द मेंटेनन्स टीम ॲट 11:45. द ड्राइव्ह बेल्ट वॉज फाउंड टू बी ब्रोकन अँड वॉज रिप्लेस्ड बाय अ न्यू बेल्ट बाय द मेंटेनन्स टीम. द पॅन वॉज रिस्टार्टेड ॲट 12:30. 400 टॅब्लेट्स वेअर अफेक्टेड अँड सेम वेअर डिस्ट्रॉइड.'

आडवाट:

पहिली दोन वाक्यं चोख. पॅन आपोआप थांबला आणि ऑपरेटरने कळवलं, दोन्ही रूपं बरोबर पडली.

तिसऱ्यात दोन बाय एकामागून एक आलेत. नव्या पट्ट्यासाठी विथ घ्या. मेंटेनन्स टीमचं नाव मागच्याच वाक्यात येऊन गेलंय, लक्षही त्यांच्यावरच आहे, तेव्हा हे वाक्य ॲक्टिव्ह करून टाका: 'दे फाउंड द ड्राइव्ह बेल्ट ब्रोकन अँड रिप्लेस्ड इट.' 'न्यू बेल्ट' म्हणायची गरज नाही, रिप्लेस्डमध्ये ते आलं.

'द पॅन वॉज रिस्टार्टेड ॲट 12:30' ठेवा. पण तपासणारा विचारेल की परत सुरू करायची परवानगी कोणी दिली. ती दिलेली असेल तर इथे बाय हवाच: 'आफ्टर क्लिअरन्स बाय द क्यूए ऑफिसर, द पॅन वॉज रिस्टार्टेड ॲट 12:30.'

शेवटच्या वाक्याची सुरुवात आकड्याने नको. ते टाळायला आकड्याआधी 'अबाउट'ही लावू नका, मोजून लिहिलंय तर तसंच लिहा. आणि अफेक्टेड म्हणजे नेमकं काय झालं? थर कमी बसला, गोळ्या चिकटल्या, रंग उतरला? तो शब्द पॅसिव्ह असल्यामुळे खटकत नाही, मोघम असल्यामुळे खटकतो. गोळ्या चिकटल्या असतील तर: 'ड्युरिंग द स्टॉपेज, 400 टॅब्लेट्स स्टक टुगेदर. दीज टॅब्लेट्स वेअर रिजेक्टेड अँड डिस्ट्रॉइड.' स्टकला वेअर लागला नाही, कारण त्या आपोआप चिकटल्या. रिजेक्टेडला लागला, कारण तो कोणीतरी घेतलेला निर्णय आहे. त्या निर्णयावर सही कोणाची, तो रकाना रिपोर्टच्या खाली भरलेला आहे ना, तेवढं पाहा.